ल्युकेमियाच्या रुग्णाचा जबडा आणि ओपीजी: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

रक्ताच्या कर्करोगाचं निदान झालं की केमो सुरू होण्याआधी दात दाखवून या म्हणतात, आणि दंतवैद्याच्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा एकच शब्द असतो: ओपीजी, म्हणजे दोन्ही जबडे आणि सगळे दात एकाच फोटोत दाखवणारा एक्स-रे. काही ठिकाणी थेट सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, लिहून मिळतो. सेंटरवर गेलं की आरव्हीजीचा, म्हणजे तोंडात सेन्सर ठेवून काढायच्या एका-दोन दातांच्या एक्स-रेचा, दरही सोबत कळतो. महाराष्ट्रातल्या शहरांत ओपीजीला साधारण ३०० ते ८०० रुपये पडतात, एका दाताच्या आरव्हीजीला १०० ते ३००, आणि सीबीसीटीला किती भाग टिपायचा त्यानुसार दीड हजारापासून साडेचार हजारांपर्यंत. मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या नायर दंत महाविद्यालयात हेच काम खासगी दराच्या मानाने फार स्वस्तात होतं, फक्त रांगेची तयारी ठेवावी लागते. ल्युकेमियात जबड्याच्या हाडात होणारे बदल टिपायला या तिन्हींपैकी कोण किती कामाचं, एवढाच इथे प्रश्न आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. नीट काढलेला ओपीजी हा तिघांत सर्वांत फायद्याचा सौदा आहे. 'नीट काढलेला' यावरच सगळं अडतं, कारण या आजारात जे शोधायचं असतं ते बारीक पांढऱ्या रेघांमध्ये असतं आणि घाईत उरकलेल्या ओपीजीत सर्वांत आधी त्याच रेघा जातात. एक्स-रेवरून ल्युकेमियाचं निदान होत नाही, ते रक्त आणि हाडातली मज्जा तपासूनच होतं. ओपीजी सांगतो तो जबड्यातला परिणाम, आणि केमोत उसळी मारू शकेल असा दातांतला जुना जंतुसंसर्ग.

फिल्मवर नजर कुठे ठेवायची

मुलांच्या जबड्यात, विशेषतः खालच्या जबड्याच्या मागच्या भागात, रक्त तयार करणारी लाल मज्जा भरपूर असते. ल्युकेमियाच्या पेशी तिथे दाटतात आणि हाडाची जाळी आतून झिजवतात. म्हणून पहिली नजर खालच्या दाढांच्या मुळांभोवती टाकायची.

पाच ते दहा वर्षांच्या मुलाच्या ओपीजीत खालची दुसरी कायमची दाढ अजून हाडातच असते. तिच्याभोवती हाडाची कुपी असते, तिला क्रिप्ट म्हणतात. निरोगी क्रिप्टची कड पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक आणि अखंड पांढरी दिसते. ल्युकेमियात ही कड पुसट होते, तुटते, कधी पूर्णच नाहीशी होते, आणि बहुधा दोन्ही बाजूंना. पुढे जाऊन मुळं तयार व्हायच्या आधीच तो दात हाडातून हिरडीकडे ढकलला गेलेला दिसू शकतो. अशा दातांना खाली आधारच नसतो, ते हलतात आणि वेळेआधी गळतात.

उगवलेल्या दातांत हेच काम लॅमिना ड्यूरा करतो, म्हणजे मुळाभोवतीच्या खोबणीची पांढरी भिंत. ती पातळ होते किंवा दिसेनाशी होते, मुळाभोवतीची काळी फट रुंदावते, दाढेच्या दोन मुळांच्या मधलं हाड विरळ पडतं. खालच्या जबड्याची तळाची जाड पांढरी कड बारीक होते. काही रुग्णांत हाडात कडा नसलेले काळे डाग विखुरलेले असतात. क्वचित जबड्याच्या बाहेरून नव्या हाडाचा पातळ थर चढलेला आढळतो. मोठ्यांमध्ये हे सगळं मुलांपेक्षा कमी दिसतं. आजार आटोक्यात आल्यावर पुसलेल्या रेघा पुन्हा उमटू लागल्याच्या नोंदी आहेत, म्हणून उपचाराआधीचा ओपीजी जपून ठेवायचा. नंतरच्या फोटोची तुलना त्याच्याशीच होणार असते.

आता यातली मेख. हाडातलं साधारण ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत फरक कळत नाही. म्हणजे ओपीजी स्वच्छ आला म्हणून जबडा स्वच्छ, असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. निदान अजून झालेलं नाही, मूल दंतवैद्याकडे आलंय, दात हलताहेत, हिरड्या सुजून रक्त येतंय, आणि एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळं दिसतंय. सवयीने रूट कॅनाल लिहिलं जातं. पण दात किडलेला नसेल, गार कापूस लावल्यावर दाताला संवेदना असेल आणि असे दोन-चार दात असतील, तर तो साधा पू नव्हे. आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, मग बाकीचं. दोन-तीनशे रुपयांच्या त्या तपासणीने मुलाचे आठवडे वाचतात. विदर्भातल्या किंवा नंदुरबारकडच्या मुलात मात्र आणखी एक शक्यता डोक्यात ठेवायची: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही मज्जेच्या जागा रुंदावतात, आणि दाढांच्या मुळांमध्ये हाडाच्या आडव्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या दिसतात. थॅलेसेमिया या तशाच आनुवंशिक आजारातही जाळी विरळ होते. मूत्रपिंडाच्या जुन्या आजारात आणि गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं काम वाढल्यावर लॅमिना ड्यूरा जातो. रेघ पुसली गेली की ल्युकेमियाच, असं समीकरण नाही.

फोटो खोटं बोलतो तेव्हा

ओपीजीचं यंत्र डोक्याभोवती फिरतं तेव्हा जबड्याच्या आकाराचा एक पट्टाच फोकसमध्ये असतो. दाढांपाशी तो ऐसपैस, पुढच्या दातांपाशी जेमतेम काही मिलिमीटरचा. डोकं त्या पट्ट्यात बसलं नाही की अशी चित्रं तयार होतात जी हुबेहूब हाडाच्या आजारासारखी दिसतात. तक्रारीची सर्वांत मोठी जागा हीच.

पहिली आणि सर्वांत जास्त होणारी चूक जिभेची. फेरी संपेपर्यंत जीभ टाळूला पूर्ण चिकटलेली हवी. नसेल तर मधल्या हवेचा काळा पट्टा वरच्या दातांच्या मुळांवर आडवा पसरतो, आणि तिथलं हाड विरघळल्यासारखं दिसतं. 'जीभ वर लाव' म्हटल्यावर मूल फक्त शेंडा लावतं. 'आवंढा गिळ आणि जीभ तशीच ठेव' म्हणणारा टेक्निशियन मिळाला तर अर्धं काम झालं.

हनुवटी जास्त खाली गेली की दातांची ओळ हसल्यासारखी वाकते आणि खालच्या पुढच्या दातांची मुळं धूसर होतात. वर गेली की ओळ सपाट होते आणि टाळूच्या हाडाची जाड सावली वरच्या मुळांवर बसते. डोकं जरा वळलं तर एका बाजूच्या दाढा रुंद आणि दुसऱ्या बाजूच्या अरुंद येतात. इतर रुग्णांत एक वेळ चालवून घेता येईल, पण इथे डाव्या-उजव्या बाजूची तुलना हाच वाचनाचा कणा असतो. पोक काढून उभं राहिलं की मानेच्या मणक्यांचा पांढरा खांब मधोमध येतो. थकलेलं मूल पोक काढतंच, त्याला स्टुलावर बसवून घ्यायला सांगा. मोठ्यांची फेरी साधारण १२ ते १८ सेकंदांची असते, मुलांसाठी त्याहून छोटी निवडता येते. मध्ये खोकला आला तर जबड्याच्या तळाच्या कडेला पायरी पडते आणि रिपोर्टात 'फ्रॅक्चरची शंका' उमटते.

कानातल्या बाळ्या, चमकी, पिना, चष्मा, कवळी, गळ्यातला ताईत, मंगळसूत्र हे सगळं आधी उतरवायचं. कानातल्याची भुताटकी समोरच्या बाजूला, थोडी वर आणि धूसर उमटते, म्हणून ती पटकन ओळखू येत नाही. मानेतून घातलेली कॅथेटरची नळी असेल तर आधी सांगावं. छातीवरचा केमोपोर्ट (औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेली डबी) फोटोच्या खालीच राहतो, त्याची काळजी नको.

गळ्याचा शिशाचा पट्टा ओपीजीला बांधायचा नसतो, तो किरणांच्या वाटेत येतो आणि हनुवटीचा भाग खाऊन टाकतो. काही पालक हौसेने मागून घेतात, आणि मग फोटो दुसऱ्यांदा काढायची वेळ येते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०२४ मध्ये दातांच्या एक्स-रेला अ‍ॅप्रन आणि गळपट्टा सरसकट लावण्याची शिफारसच मागे घेतली. आपल्याकडे अ‍ॅप्रन घालतात. मानेमागे खाली बसत असेल तर बिघडत काही नाही.

राहिला एक्स्पोजर. मोठ्यांच्या सेटिंगवर मुलाचा फोटो काढला तर पातळ हाड जळून काळं होतं. नाकाच्या शेंड्याची, कानाच्या पाळीची फिकट सावलीसुद्धा दिसत नसेल तर 'हाड विरळ' या शेऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये. याउलट सॉफ्टवेअरमधला धार वाढवणारा फिल्टर लॅमिना ड्यूराला खोटी चमक देतो, आणि स्टीलची टोपी किंवा चांदी भरलेल्या दाताभोवती काळी कड काढतो. फिल्टर न लावलेली मूळ प्रतिमा मागून घ्या, त्याला वेगळे पैसे पडू नयेत.

आरव्हीजी: सर्वांत बारीक डोळा, पण हिरडी सांभाळून

एकाच दाताच्या मुळाभोवतीची रेघ पाहायची तर आरव्हीजीला तोड नाही. बारकाव्यात ओपीजी त्याच्या जवळपासही येत नाही, आणि सीबीसीटीही त्याच्या मागेच पडतो. ओपीजीत संशयास्पद वाटलेल्या दोन-तीन जागांचा आरव्हीजी काढणं हे शहाणपणाचं. सगळ्या तोंडाचा संच काढत बसणं नव्हे.

अडचण सेन्सरची. तो जाड, कडक आणि कोपऱ्यांचा असतो. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) खाली असताना जिभेखालच्या मऊ भागात त्याचा कोपरा टोचला तर रक्त साकळतं. तोंड आलेलं असेल तर मूल सेन्सर ठेवूच देत नाही. अशा वेळी फॉस्फर प्लेट बरी, ती पातळ असते. मात्र ती दुमडली गेली तर फोटोवर चरा कायमचा उमटतो. लहान मुलांना शून्य नंबरची प्लेट, मोठ्यांना दोन नंबरची. सेन्सर धरायला बोट नको, होल्डर हवा. कारण किरण भिंतीला समांतर गेले तरच लॅमिना ड्यूरा दिसतो. कोन चुकला तर ठणठणीत माणसाचाही लॅमिना ड्यूरा 'नाहीसा' होतो, आणि रिपोर्टात ते सरळ रोगाच्या खात्यावर जमा होतं.

सीबीसीटी: भाव मोठा, उपयोग ठराविक

थ्रीडी म्हणजे जास्त चांगलं, या समजुतीवर सीबीसीटी खूप विकला जातो. ल्युकेमियात हाडाची घनता मोजायला तो घेत असाल तर घेऊ नका. सीबीसीटीतल्या राखाडी छटा म्हणजे सीटी स्कॅनमधले घनता सांगणारे हाउन्सफिल्ड आकडे नव्हेत. यंत्र बदललं, टिपलेला भाग बदलला, जवळ धातूची टोपी असली की छटा बदलते. 'घनता ४५० वरून ३८० झाली' असं कुणी दाखवलं तर त्या आकड्यांना काही अर्थ नाही.

किरणांचा हिशेबही बघा. ओपीजीला साधारण १० ते २५ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दोन-चार दिवसांत मिळतात तेवढेच. सीबीसीटीला भाग आणि सेटिंगनुसार काही दहांपासून काही शेकड्यांपर्यंत. ज्या मुलाचे पुढच्या दोन-तीन वर्षांत अनेक एक्स-रे आणि स्कॅन होणार आहेत, त्याच्या खात्यात हे विनाकारण कशाला घालायचं?

सीबीसीटी पैसे वसूल करतो तो तीन ठिकाणी: स्टेरॉइड किंवा हाडं बळकट करायला देतात त्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडनंतर हाडाचा मेलेला तुकडा सुटलाय का हे बघायला, जबड्याचं फ्रॅक्चर नक्की करायला, आणि मज्जेच्या प्रत्यारोपणाआधी नसेला चिकटलेली अक्कलदाढ काढायची असेल तेव्हा. तिन्हींना छोटा भाग टिपला तरी पुरतो, सगळा चेहरा नको.

मज्जेत पेशी दाटल्यात का, हे तो सांगू शकत नाही. तो एमआरआयचा प्रांत. खालचा ओठ आणि हनुवटी बधिर झाली, दुखत मात्र काही नाही, आणि ओपीजी साफ आहे, तर दंतसेंटरच्या फेऱ्या थांबवून त्याच दिवशी रक्तविकारतज्ज्ञाला कळवायचं. आजार मज्जेत, नसेभोवती किंवा मेंदूच्या आवरणात परतल्याची ती खूण असू शकते. तसंच पांढऱ्या पेशी तळाला असताना गाल सुजला, टाळूवर काळा डाग आला, तर ती बुरशी असू शकते. तिथे सीबीसीटीत वेळ घालवणं धोक्याचं, कारण त्यात मऊ भाग दिसतच नाही.

उलट दिशेची फसगतही होते. व्हिनक्रिस्टिन या केमोच्या औषधाच्या इंजेक्शननंतर काही दिवसांत दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढा ठणकायला लागतात. दात शाबूत, ओपीजी शाबूत. ते नसांचं दुखणं असतं, आपोआप उतरतं. त्यापायी दात उघडून बसू नये.

रिपोर्ट

ओपीजीची खरी किंमत रिपोर्टात असते, आणि बाजारात मिळणारे रिपोर्ट याच जागी कच्चे पडतात. 'जनरलाइज्ड बोन लॉस, स्केलिंगचा सल्ला' एवढ्या ओळीचा ल्युकेमियात काहीही उपयोग नाही. ओरल मेडिसिन आणि रेडिओलॉजीत एमडीएस केलेल्याकडून वाचून घ्या, आणि चिठ्ठीवर आजाराचा प्रकार, केमो कधी सुरू झाली, स्टेरॉइड चालू आहे का, ताजे काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) किती, हे लिहून न्या. कोऱ्या चिठ्ठीवर कोऱ्याच नजरेने रिपोर्ट येतो.

चांगल्या रिपोर्टात प्रतिमा कशी आली आहे हे पहिल्या ओळीत असतं. मग कोणत्या दातांचा लॅमिना ड्यूरा दिसत नाही, कोणत्या क्रिप्टची कड तुटली, ते एका बाजूला की दोन्ही, मुळांच्या मधलं हाड, तळाची कड. आणि केमोच्या दृष्टीने निकडीचं: नसेपर्यंत पोचलेली कीड, हाडात राहिलेली मुळं, अर्धवट उगवलेली अक्कलदाढ. कोणता दात काढायचा आणि कधी, हे मात्र काउंट बघून कॅन्सरचे डॉक्टर ठरवतात, रेडिओलॉजिस्ट नव्हे.

मोठ्यांमध्ये मेंटल फोरामेनच्या, म्हणजे खालच्या जबड्यात नस बाहेर पडते त्या छिद्राच्या, खाली तळाच्या कडेची जाडी मोजून घ्यावी. तीन मिलिमीटरच्या खाली गेली तर स्टेरॉइडने शरीरातलीच हाडं ठिसूळ होत असल्याची शंका घेऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, करतात. १९९४ पासून वापरात असलेली क्लेमेट्टीची वर्गवारीही लिहिलेली असावी: कडेची आतली बाजू सरळ असेल तर सी१, खवले पडले असतील तर सी२, सच्छिद्र झाली असेल तर सी३. मुलांना ही मापं लागू करू नयेत. ओपीजीत सगळं २० ते ३० टक्के मोठं दिसतं, आणि यंत्रागणिक हे प्रमाण बदलतं. म्हणून पुढचा ओपीजी त्याच सेंटरवर, त्याच यंत्रावर काढायचा. स्वस्त पडतं म्हणून दुसरीकडे गेलात तर तुलनाच बाद होते.

उपचार संपल्यानंतरचा ओपीजी लहानपणी केमो झालेल्या मुलांना विशेष लागतो. दुसऱ्या कायमच्या दाढेचा मुकुट अडीच-तीन वर्षांच्या वयात घडायला लागतो, उपदाढांचा त्याच्या जरा आधीपासून. त्या वयात केमो झाली तर हे दात इवलेसे येतात, येतच नाहीत, किंवा मुळं आखूड आणि टोकदार राहतात. शरीरभर रेडिएशन दिलं असेल तर आणखी जास्त. तारा बसवण्याआधी ऑर्थोडॉन्टिस्टला हे कळलं नाही, तर सहा महिन्यांनी आखूड मुळं पाहून तारांना दोष दिला जातो. दर तीन महिन्यांनी ओपीजी काढायला सांगणाऱ्याला मात्र कारण विचारा.

फ्रॅक्टल अ‍ॅनॅलिसिस

हल्ली एखाद्या रिपोर्टासोबत हाही आकडा जोडलेला दिसतो. पद्धत व्हाइट आणि रुडॉल्फ यांनी १९९९ मध्ये मांडली, आणि ती इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरवर चालते. मुळं आणि नसेची नळी टाळून हाडाचा चौकोन कापायचा, त्याची धूसर प्रत मूळ प्रतिमेतून वजा करायची, प्रत्येक बिंदूच्या छटेत १२८ मिळवायचे, काळं-पांढरं करायचं, जाळीचा सांगाडा काढायचा आणि चौकोन मोजायचे. एक ते दोनच्या मधला आकडा येतो. जाळी किती गुंतागुंतीची, हे तो सांगतो.

संशोधनात, एकाच यंत्रावर काढलेल्या गटांची तुलना करायला ही पद्धत चांगली. एका रुग्णाच्या बिलावर ती नको. चौकोन थोडा सरकला, एक्स्पोजर बदललं, फाइल जेपेग झाली, की आकडा हलतो, आणि कितीच्या खाली गेला म्हणजे रोग, अशी सर्वमान्य रेषा नाही.

फाइलवरून आठवलं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेला ओपीजी दाबला जातो, आणि क्रिप्टच्या कडा त्यातच मरतात. पेन ड्राइव्हवर डायकॉम फाइल (न दाबलेली मूळ वैद्यकीय प्रतिमा) मागा, निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा. चकचकीत कागदावरची प्रिंट फायलीत लावायला ठीक, वाचायला नाही.

जाण्याआधी फोन करून सकाळची पहिली वेळ घ्या, म्हणजे काउंट कमी असलेलं मूल खोकणाऱ्यांच्या गर्दीत बसणार नाही. दाताखाली धरायच्या ठोकळ्याला नवं कव्हर, हनुवटीची पट्टी आणि हँडल स्पिरिटने पुसलेलं, हे समोर करून घ्या. तोंड आलं असेल तर ठोकळ्याऐवजी हनुवटीचा आधार आणि कापसाची गुंडाळी चालते. भिंतीवर अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का तेही बघून घ्या. आणि मूल तापाने फणफणलं असेल तर ओपीजी चार दिवस पुढे ढकला, ओपीजीसाठी केमो अडवून धरू नका.